गणवीरकाकांचं बॉनेट

गणवीरकाका गाडी सुरू केली की आधी दोनदा हॉर्न वाजवत. समोर कोणी असो, नसो. आमच्या स्मृती नगरातल्या गल्लीत सकाळी सातला चिटपाखरू नसतं, तरी पों पों! आम्ही तिथं नवीन राहायला गेलो तेव्हा मी एकदा वैतागून त्यांच्या फाटकाशी गेले. म्हटलं, "काका, कोणासाठी वाजवून राहिले? रस्त्यावर कुत्रं बी नाही." त्यांनी काच खाली केली आणि शांतपणे म्हणाले, "जो दिसते त्याले हॉर्न कायले पाहिजे, मास्तरीणबाई? जो दिसत नाही त्याच्यासाठीच वाजवा लागते." मी परत येऊन चहा गाळला.

सगळी नोकरी त्यांनी पोलादाच्या प्लांटमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवली. म्हणजे शेडच्या छताखाली, उंच केबिनमध्ये बसायचं आणि खालचा जड माल आकड्याला अडकवून इकडून तिकडे न्यायचा. हलवण्याआधी भोंगा द्यायचा, हा तिथला नियम. निवृत्त झाले आणि नियम घरी घेऊन आले. काकी चहाचा ट्रे घेऊन निघाल्या आणि मी मध्येच काही विचारलं, की काका हात करून मला गप्प करत. "लोड हवेत हाये. खाली टेकू दे, मंग बोल." काकी ट्रे ठेवता ठेवता पुटपुटत, "चार कप चा हाये जी, चार टन नाही."

माणूस तसा गर्विष्ठ नव्हता, पण एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. अंदाजाचा. गाडी भिंतीला अशी लावत की मध्ये बोट जाईल, पण अंगठा जाणार नाही. वर मला बोलावून दाखवत, "पाहून घे. पट्टी आन पाहिजे त."

आणि याच माणसाने एका सकाळी गल्लीच्या वळणावर उभ्या असलेल्या शाळेच्या व्हॅनला गाडी ठोकली. व्हॅन पिवळीधमक, डावीकडे रस्त्याच्या कडेला उभी. ड्रायव्हर पानटपरीवर. आत कोणी नव्हतं, नशीब. काकांची गाडी चालण्याच्या वेगात होती, त्यामुळे बंपर चेपला आणि बॉनेटचं लॉक वाकलं, एवढंच. पण बॉनेट बसेना. दाबलं की बसायचं आणि हात काढला की दोन बोटं वर यायचं.

"कसं झालं हो काका?" मी विचारलं. म्हणाले, कुत्रं आडवं आलं. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला सांगितलं, ऊन डोळ्यांवर आलं. दुसऱ्या दिवशी काकींना सांगितलं, ब्रेक उशिरा लागला. मला काही कळेना. कुत्रं कोणी पाहिलं नाही, आणि त्या वळणावर सकाळचं ऊन पाठीमागून येतं. बरं, डोळ्यांचं म्हणावं तर औषधाच्या पट्टीवरची मुंगीएवढी अक्षरं ते चष्म्याशिवाय वाचत. काकींच्या सुईत दोरा तेच ओवत. मग एवढी मोठी पिवळी व्हॅन दिसली कशी नाही?

एरवी बॉनेट राहिलं असतं तसंच महिनाभर. पण प्रतिभाला, म्हणजे त्यांच्या लेकीला, राजनांदगावला दिवस भरत आले होते. काकींना बाळंतपणाला तिकडे जायचं होतं. काकांनी शब्द दिला होता, "गाडीनं नेतो तुले, सामानासकट." काकींनी डिंकाचे लाडू बांधले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, डबे भरले. आणि हायवेवर ते बॉनेट वाऱ्याने उडून काचेवर आदळलं तर? म्हटलं, हे काम आपण करून टाकू.

कँप-१ वस्तीतून मी मिस्त्री आणला. त्याने लॉक काढून ठोकून सरळ केलं, बोल्ट कसले, बॉनेट आपटून दाखवलं. खट्! पक्कं बसलं. काका मात्र जरा बाजूला उभे राहून म्हणाले, "घाई नोको करू. जे घाईनं कसते ते घाईनं निंगते." दुसऱ्या सकाळी पाहते तर बॉनेट पुन्हा दोन बोटं वर.

मी फोनवर मिस्त्रीला फाडून खाल्लं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, अपने हाथ से कसा था, कसम से." पुन्हा आला, पुन्हा कसलं. पुन्हा ढिलं! मग माझ्या नवऱ्याने नायलॉनची दोरी आणून बॉनेट बंपरला असं आवळलं की गाडीचा जीव गुदमरावा. संध्याकाळी दोरी फाटकावर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली. आता बोला! माकडं एक वेळ बोल्ट काढतील, पण दोरीची गुंडाळी करतील का? कोणाचा दावा आहे काकांवर? मला गल्लीतल्या प्रत्येकाचा संशय यायला लागला. काकी रोज विचारायच्या, "झाली का व गाडी?" आणि काका म्हणायचे, "होते, होते." लेकीचा फोन दिवसातून दोनदा यायला लागला होता. डोकं चालेना माझं.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं आणि गल्लीत सगळी दारं बंद. काकांच्या फाटकातून पाहिलं तर काका बॉनेट उघडून वाकलेले. हातात दहा नंबरचा पाना. आणि लॉकचे बोल्ट ढिले करताहेत! मी आत गेले, त्यांच्या डाव्या कोपराशी जाऊन उभी राहिले, तरी पत्ता नाही. "काका!" म्हटलं तसे दचकले. पाना खाली पडला.

"का करून राहिले तुमी हे?"

"कसून राहिलो."

"मले शिकवू नका काका. कसणारा हात उलटा फिरत नाही."

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "गाडी ठीक झाली त चालवा लागन ना व."

"मंग? चालवाची नाही का?"

"माह्यं डावीकडचं गेलं, बाई."

मला खरंच कळलं नाही. "का गेलं?"

"दिसनं. समोरचं दिसते, बारीकातलं बारीक दिसते. पन डावीकडं जसं कोनी पोतं टांगून ठेवलं. ते व्हॅन माह्यासाठी तिथं होतीच नाही. आवाज झाला, मंग समजलं."

"काकीले सांगतलं?"

"तिले कसं सांगू? ते बसते कुठं? डावीकडंच ना? समोर पाहून चालवतो त ते सीट मले रिकामी दिसते. बोलते तवा समजते का हाये. तिले घेऊन हायवेवर जाऊ अन् ते बसली हाये का नाही हेच मले दिसत नाही?"

मला रडू येत होतं आणि रागही. "मंग सरळ नाही म्हणाचं होतं ना! आमाले कावून नाचवलं एवढं?"

"नाही मी कसं म्हनू? क्रेनवाला आपल्या मनानं थांबत नाही, खालून हात वर झाला का थांबते. अन् थांबाचा हात कोनाचाबी चालते. झाडू मारनाऱ्यानं हात वर केला तरी लोड थांबवा लागते, कावून म्हनून विचाराचं नाही. इथं त तुमी सारे मले चाल, चाल करून राहिले. तू मिस्त्री आनते, तुहा नवरा दोरी बांधते, तुही काकी लाडू बांधते. एकानं त हात वर कराचा होता."

मला वाटलं, आपणच करावा हात वर. पण हात जाईना. ज्या माणसाने आयुष्यभर टनांचा माल अलगद टेकवला, त्याला मी थांबवायचं?

काकी काकांच्या डावीकडच्या दारात कधीच्या येऊन उभ्या होत्या. मला दिसत होत्या, काकांना नाही. त्या पायऱ्या उतरून वळसा घालून समोर आल्या, आणि उजवा हात सरळ वर केला. तळवा काकांकडे.

काका सवयीने उठून उभे राहिले. खिशातून किल्ली काढली आणि काकींच्या हातावर ठेवली. कावून म्हणून विचारलं नाही.

रायपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नव्हतं, थेंब टाकून राहिलेलं राखायचं होतं. तेवढ्यात प्रतिभाला मुलगी झाली. मग सामान घेऊन दोघं जी राजनांदगावला गेली, ती तिथलीच झाली. आमची गल्ली तेव्हापासून फार गप्प वाटते मला.

ती दोघं निघाली त्या दिवशी बस स्टँडवर सोडायला मीच गेले होते. बसमध्ये डावीकडची दोघांची सीट मिळाली. काका नेहमीसारखे बाजूला झाले, काकींना खिडकी द्यायला. काकींनी मान हलवली. "तुमी बसा खिडकीत."

"तुले वारा पाहिजे ना?"

"बसा म्हनलं ना जी."

काका खिडकीशी बसले. काकी त्यांच्या उजव्या हाताला टेकल्या, मांडीवर लाडवांचा डबा घेतला आणि विचारलं, "दिसून राहिली का?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दिसून राहिली," म्हणाले.