पडद्यातलं नाणं

माझ्या मावशीने आयुष्यभर पडदे शिवले, आणि तिने शिवलेला पडदा कधी उगाच उडाला नाही. चलनातून गेलेली देशोदेशीची नाणी ती भंगारवाल्याकडून किलोवर आणायची आणि पडद्याच्या खालच्या दुमडीत वीतवीतभर अंतरावर शिवून टाकायची. त्या वजनाने कापड कसं गुमान लोंबायचं. लोक तिला पडदेमावशी म्हणत. गावातल्या अर्ध्या खिडक्यांत तिने शिवलेले राजे, राण्या, मासे आणि गलबतं अंधारात लटकत होती, आणि घरातल्या माणसांना त्यांचा पत्ताही नव्हता. वारा सुटला की ती सगळी झोपेतच कूस बदलत असणार, असं मला लहानपणी वाटायचं.

रविवारी दुपारी तिच्याकडे पोरं जमायची. कापड बेतायच्या लांब टेबलाखाली चादर अंथरलेली असे. चहूबाजूंनी नवे पडदे टांगलेले, त्यांतून गाळून आलेला उजेड कधी हिरवा, कधी जांभळा. मावशी एक नाणं फडक्यात गुंडाळून पोराच्या हातात द्यायची.

"डोळे मीट. ओळख बघू."

कडेला खाचा आहेत की कड गुळगुळीत आहे, मध्ये भोक आहे का, चेहरा आहे की झाड, हे कापडावरून बोटांनी सांगायचं. जमलं की नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची. राजाचं नाक हळूहळू कागदावर वर यायचं, आणि नाणं त्या पोराचं व्हायचं. नाणी धुवायला मात्र सक्त मनाई. "शंभर वर्षांचा मळ आहे तो, तुझ्या मानेवरचा नव्हे," म्हणायची. आणि निघताना सगळ्यांना एक काम: घरातले पडदे चाचपा, भोकाचं नाणं लागलं तर मला सांगा.

लोक म्हणत, काय हिला पोरांचा लळा. लळा होताच, नाही कोण म्हणतं? पण खरं कारण आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं. माझा मामा, म्हणजे तिचा दादा, बोटीवर खलाशी होता. शेवटच्या फेरीआधी त्याने तिला एक भोकाचं नाणं दिलं, आणि हरवलं तर ओळखू यावं म्हणून भोकाशेजारी कानशीने बारीक खाच पाडून दिली. बोट परत आली, मामा आला नाही. त्या आठवड्यात मावशीचे हात कामात होते आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. वजनाच्या नाण्यांबरोबर तिने तेही कुणाच्या तरी पडद्यात शिवून टाकलं. कुणाच्या, ते काही केल्या आठवेना. घरोघरी पडदे चाचपत फिरणाऱ्या बाईला लोकांनी वेड्यात काढलं असतं. पोरांना कोण विचारतं? अशी तीस वर्षं गेली.

मग मुंगी आली. आठ वर्षांची, सतत काहीतरी उचलून घेऊन चाललेली, म्हणून मुंगी. एका रविवारी म्हणाली, "माझ्या खोलीत आजीच्या वेळचा पडदा आहे ना, त्यात आहे भोकाचं. भोकाजवळ छोटीशी खाच पण आहे."

मावशीच्या हातातली पेन्सिल थांबली. "कधी सापडलं तुला?"

"सापडलं कुठे? मी ते धरूनच झोपते. पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी मुंगी शाळेत असताना मावशी मला घेऊन त्यांच्याकडे गेली. "दुमड उसवलीय का बघते," म्हणाली, आणि उसवलीच. दादाचं नाणं काढून घेतलं, त्याच मापाचं दुसरं भोकाचं आत घालून शिवून टाकलं. याला चोरी म्हणतात. आणि मी शेजारीच उभी होते.

मंगळवारी सकाळीच मुंगी दारात. डोळे सुजलेले.

"मावशी, माझं नाणं गेलं. तिथे दुसरंच कोणीतरी आलंय."

"भोक आहे ना त्याला?"

"आहे, पण खाच नाही. मला झोपच आली नाही. तू शोधून दे ना. तुला सगळी ओळखू येतात."

मावशी खुर्चीत बसली. ते नाणं हरवणं म्हणजे काय, हे साऱ्या गावात त्या दोघींनाच कळत होतं. तिने गळ्यातला दोरा ओढून नाणं बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मीच घेतलं गं. माझ्या दादाचं आहे."

मुंगीने नाक पुसलं. "तो कुठेय?"

"समुद्रात."

"मग हे माझ्याकडे कसं आलं?"

"माझ्या चुकीने."

"केवढी मोठी चूक केलीस," मुंगी म्हणाली.

"हो गं बाई."

मावशीने सुई ओवायला घेतली, मुंगीच्या घरी जाऊन नाणं पुन्हा दुमडीत घालायचं म्हणून. मुंगीने तिचा हात धरला. "शिवू नकोस. मला रात्रीच लागतं. दिवसा तू ठेव."

तेव्हा मावशीने त्या पडद्याला उघड्या तोंडाचा एक छोटा खिसा लावून दिला. शाळेत जाताना मुंगी नाणं मावशीच्या टेबलावर ठेवून जाई आणि संध्याकाळी मुठीत घेऊन जाई.

पुढच्या रविवारी मला वाटलं, आता शोध संपला, मावशी पोरांना हाकलणार. तिने नेहमीसारखी चादर अंथरली. पोरं बसली. मुंगीने आपल्याच फडक्यात काहीतरी गुंडाळून तिच्या हातावर ठेवलं.

"मावशी, डोळे मीट. ओळख बघू."

एरवी मावशीला नाणं ओळखायला क्षणही लागत नसे. त्या दुपारी तिने डोळे मिटले, मूठ मिटली, आणि पोरं चुळबुळायला लागली तरी ती फडक्यावरून भोकाशेजारची खाच अंगठ्याने चाचपत राहिली.