हिराआत्याची लादलेली घोडी

हिराआत्या घोडी लादायला लागली की मध्ये कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. आधी घोंगडं, मग दोन्ही अंगांना ज्वारीची पोती, भांडी, वर उलटी बाज, बाजेच्या पायांना कोंबड्या. सगळ्यात शेवटी कालची जन्मलेली कोकरं, झोळीतून माना बाहेर. दोर आवळून ती म्हणायची, "आता बोल. माजं घर उभं राह्यलं."

दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन तिचं कुटुंब मंगळवेढ्याकडं यायचं. लेंडीखतासाठी शेतकरी रात्री रानात मेंढ्या बसवून घेत आणि बदल्यात ज्वारी देत. दिवसा चरायला गायरान. त्या गायरानाला एका कंपनीनं तारेचं कुंपण घातलं. कुणाला न विचारता! 'गायरान कुणाच्या बापाचं नाही' असं आम्ही संघटनेच्या पत्रकात ठळक छापलं. आत्यानं ते वाचून घेतलं आणि मलाच झापलं, "बापाचंच हाय की रं! माज्या बापाची घोडी हितंच चरली."

आमच्या धरण्याला ती घोडीसकट आली आणि कंपनीच्या कचेरीच्या दारात चूल मांडून बसली. "हे ऑफिस आहे, गोठा नाही," साहेब ओरडले.

"मग आमच्या गायरानात तुमी का घुसला वो?"

शेवटी कुंपणाला फाटक मिळालं. साहेबांनी स्वतः आतबाहेर करून दाखवलं, मेंढ्याही गेल्या. आम्ही पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी लादलेली घोडी फाटकात अडली. माणसाच्या मापानं केलेलं फाटक! त्यातून बाज जाईना, पोती जाईनात.

"सामान उतरवा, पलीकडं परत लादा," रखवालदार म्हणाला.

"वाटंत वजं उतरत न्हाय आमच्यात."

"का?"

"घरातलं कुणी मेलं तरच उतरत्यात. कोण मेलंय, सांग?"

तिचा थोरला धुळा वैतागला, "आई, उतरव की. कोण बघतंय हितं?"

"घोडी बघती."

तिनं घोडी वळवली. पलीकडं गेलेल्या मेंढ्या तिच्या हाकेसरशी माघारी आल्या आणि सगळा लवाजमा हायवेच्या कडेनं, ट्रकांच्या धुरळ्यात, लांबून निघाला. ज्यांच्या बापजाद्यांची ही वाट, ते रस्त्यावर. आणि तारेच्या आत कोण? एक रखवालदार आणि त्याची खुर्ची.

पुढच्या वर्षी पोरांनी सामानाला टेम्पो केला. आत्या रिकाम्या घोडीबरोबर चालत होती. मी म्हणालो, "आत्या, फाटक रुंद करायला लावतोच. किती फूट लिहू?"

"फूटबीट मला काय ठावं?" ती भर रस्त्यात थांबली आणि दोन्ही हात पसरले. "एवडं."

मागं एसटी करकचून थांबली. ड्रायव्हर खेकसला, "ए म्हातारे, मरायचंय व्हय?"

"थांब की बाबा, माप चाललंय!"

ती आमची शेवटची भेट. पावसाळ्यात आत्या गेली. फाटक अजून तेवढंच आहे. आमच्या नव्या पत्रकात घोषणा नाही, फुटांचा आकडाही नाही. रस्त्यात हात पसरून उभी असलेली एक म्हातारी काढली आहे, आणि खाली तिचाच शब्द: एवडं.