बाई कधीच नवरी बसत नाहीत

सातवीत असताना माझ्यासारखं मराठी अख्ख्या सुरतेत कोणी लिहीत नाही, अशी माझी पक्की खात्री होती. खात्रीला आधार एवढाच, की वर्गातल्या बाकीच्यांना लिहायचाच कंटाळा होता. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती गाय मी.

आमची मराठी शाळा सातवीपर्यंतच. आठवीला लांबच्या हायस्कुलात जावं लागे, आणि बापानं सांगून ठेवलं होतं की सातवी झाली की पोरगी घरी बसेल. घरी बसेल हे आपलं म्हणायला. पर्वत पाटियाच्या कापडबाजारातून साड्यांचे गठ्ठे यायचे, माय दिवसभर त्यांना टिकल्या चिकटवायची आणि तिला जोडीला हात हवा होता. बाप लूमवर कापडाचे ताके विणायचा. म्हणजे सगळं घर साडीत गुंडाळलेलं, मी एकटीच बाहेर लोंबत होते.

मला लिहायचं वेड लावलं ते बाईंनी. बाई नाशिककडच्या, चाळिशीच्या, लग्न न केलेल्या. आम्ही घरून अहिराणी घेऊन यायचो, गल्लीतून गुजराती उचलायचो, आणि वर्गात तोंड उघडलं की सगळं एकदमच बाहेर पडायचं. बाई हसायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत. "छान. आता हेच पुस्तकातल्या मराठीत सांग," एवढंच म्हणायच्या. शाळा सुटल्यावरही बसून माझं लिहिलेलं वाचायच्या. मला त्या फार आवडायच्या. त्यांनी निबंधस्पर्धेत माझं नाव दिलं तेव्हा मी घरी जाऊन छाती फुगवून विचारलं, "नंबर आला तर आठवीला पाठवशील?"

"आन तं खरं," बाप म्हणाला.

विषय होता 'माझ्या आवडत्या बाई'. निवडलेले निबंध स्टेजवर वाचायचे होते. समोर महाराष्ट्रातून आलेले पाहुणे, पुढच्या रांगांत बँकेतली, सरकारी ऑफिसातली मराठी मंडळी. मी वेण्या मागे टाकल्या आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली : "आमच्या बाई कधीच नवरी बसत नाहीत. मधल्या सुट्टीतही नाही."

गुजरातीत नवरं म्हणजे रिकामं. गल्लीत सगळे तसंच बोलायचे, आणि लग्नातल्या मुलीला लाडी म्हणायचे. माय तर मला दिवसातून दहादा ओरडायची, "नवरी काय बशी ऱ्हायनी?" तर बाई कधी रिकाम्या बसत नाहीत, असं मी त्यांचं तोंड भरून कौतुक करत होते.

पुढच्या रांगा हसल्या. पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, माझी शैली भिडली. म्हणून तेच वाक्य मी पुन्हा, आणखी मोठ्यानं वाचलं. वर स्वतःचं एक जोडलं : "त्यांना नवरी बसलेलं आजवर कोणीच पाहिलेलं नाही."

बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. त्या खाली मान घालून पदराचं टोक नीट करत राहिल्या.

नंबर कसला येतोय. खाली उतरल्यावर एका मुलीनं मला अर्थ सांगितला आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धरणीनं मनावर घेतलं नाही, तेव्हा पोटदुखीचं निमित्त करून मी दोन दिवस घरी राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई दारात. बापाची सुट्टी होती, तोही घरात. मी साड्यांच्या गठ्ठ्यांमागे लपले. पाय बाहेरच राहिले होते, हे मला नंतर कळलं.

आता बाई तक्रार करणार, आपल्या आठवीवर पाणी पडलं, असं मी धरून चालले होते. बाईंनी पिशवीतून माझा निबंध काढला आणि बापाला सगळा वाचून दाखवला. ते वाक्यसुद्धा, जसंच्या तसं.

बापानं नीट ऐकलं. "येन्हामा काय चुकनं?" तो म्हणाला. "बरोबर तं शे."

बाई हसल्या. मग त्यांनी त्याला मराठीतला अर्थ सांगितला. बापाचा चेहरा पडला. तो हात जोडायला लागला, तर बाईंनी थांबवलं.

"चूक तिची नाही, भाऊ. हा फरक मी वर्गात कधी शिकवलाच नाही. माझं शिकवणं अर्धं राहिलंय. ते पुरं होईपर्यंत हिला घरी बसवू नका. हायस्कुलात पाठवा, शाळा सुटल्यावर माझ्याकडे येऊ दे."

बापानं बाईंच्या हातातला निबंध घेऊन त्याची नीट घडी केली. मग म्हणाला, "अर्धा ताका लूमवरथीन कोन उतारस, बाई? जाऊ द्या तिले आठवीले."

गठ्ठ्यांमागे मी तोंडात साडीचा बोळा घालून रडत होते. कारण बाई खोटं बोलल्या होत्या. सहावीत त्यांनी मराठीसारख्या दिसणाऱ्या फसव्या गुजराती शब्दांची अख्खी यादी फळ्यावर लिहून दिली होती, आणि त्यात 'नवरी' पहिला होता. सगळ्यांनी ती वहीत उतरवली. मला मराठी येतंच, म्हणून मी तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

हे बापाला मी कधी सांगितलं नाही, आणि बाईंनीही नाही.