श्रीपादकाका दोनदा खोटं बोलले

आमच्या शेजारचे श्रीपादकाका खोटं बोलायचे नाहीत, आणि त्याचा सगळ्या गल्लीला त्रास होता. चहा फिका झाला की यजमानिणीच्या तोंडावर सांगायचे. माझ्या लग्नात, व्याह्यांसमोर, जिलबी शिळी आहे म्हणाले. पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी धारच्या जेलात कैद्यांना योग शिकवायला जाऊ लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, "बरं झालं, तिथून कोणी उठून तरी जाणार नाही."

तिथे त्यांना प्रतापराव भेटले. घराणं जुनं, दरबारातलं. नोकरी बँकेत कारकुनाची. भावकीच्या भांडणात त्यांच्या हातची काठी चुलतभावाच्या वर्मी बसली आणि तो जागीच गेला. खटला चालू होता. आसनं सगळी नीट करायचे, पण शवासनात बाकीचे डोळे मिटून पडत आणि हे छताकडे टक लावून. "मिटले की तोच दिसतो," म्हणायचे. रात्रीही झोप नव्हती.

आईने, अक्कासाहेबांनी, भेटायला येऊ नये अशी त्यांनी शपथ घातली होती. मग म्हातारी दर रविवारी संध्याकाळी काकांच्या ओसरीवर येऊन बसायची. खटल्याचं विचारायची नाही, सुटकेचं नाही. "माझा प्रताप झोपतो का हो?" एवढंच. पहिल्यांदा काकांनी खरं सांगितलं, तर तिने अन्न सोडलं. पुढल्या रविवारी काका म्हणाले, "झोपतो. शवासनात घोरतो सुद्धा." जन्मातलं पहिलं खोटं, तेही धड जमलं नाही, बोलताना तुळशीकडे बघत होते. म्हातारी जेवू लागली.

२००३च्या थंडीत अक्कासाहेब गेल्या. पोलीस प्रतापरावांना घरी न्यायला तयार होते, पण बेड्या घालून आईसमोर जायचं नाही म्हणून तेच अडून बसले. "काका, दहाव्याला तुम्ही जा," म्हणाले. "कावळा शिवेपर्यंत हलू नका."

धरमपुरीच्या घाटावर मीही होतो. प्रतापरावांचे धाकटे भाऊ विश्वासराव विधी करत होते. पिंड ठेवले. समोरच्या पिंपळावर कावळे पुष्कळ, पण एकही खाली येईना. विश्वासराव म्हणाले, घर विकणार नाही. त्यांची बायको म्हणाली, देवघराची दिवाबत्ती चुकणार नाही. मग दोघं म्हणाले, दादांसाठी इंदूरचा मोठा वकील करू. कावळे ढिम्म. ऊन चढलं. शेवटी काका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "अक्कासाहेब, प्रताप झोपतो."

एक कावळा उतरला. पिंडापर्यंत आला, मान वाकडी करून काकांकडे बघितलं आणि उडून गेला.

काकांचा चेहरा मला बघवेना. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. परतताना बसमध्ये काका म्हणाले, "तिला माहीत होतं रे. पहिल्यापासून माहीत होतं."

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. रविवारी प्रतापराव दाराशीच उभे होते. "काका, शिवला?"

"ठेवल्या ठेवल्या शिवला," काका म्हणाले. या वेळी त्यांनी नजर हलवली नाही.

त्या दिवशी शवासनात काका नेहमीसारखं पाय सैल सोडा, हात सैल सोडा म्हणत रांगेतून फिरले. प्रतापरावांचे डोळे मिटलेले होते. जरा वेळाने घोरणं ऐकू आलं. बाकीचे उठले, सतरंज्या गुंडाळल्या. शिपाई म्हणाला, "मास्साब, इनको उठा दूँ?"

"सोने दो, भिया," काका म्हणाले आणि शेजारी बसून राहिले.

संध्याकाळी ते ओसरीवर अंधार पडेपर्यंत बसले होते. काकूंनी जेवायला हाक मारली. काका उठले, म्हातारी बसायची त्या कोपऱ्याकडे वळून म्हणाले, "अक्कासाहेब, आज खरंच झोपला हो," आणि लहान मुलासारखे रडू लागले.