कॅमेऱ्याचा टेकू

घाटनांदूरच्या एका लग्नात मी नवरा-नवरीपेक्षा व्हिडिओवाल्यालाच जास्त पाहिलं. सोमवारी धारूरला आमच्या लघुपटाचं शूटिंग सुरू होणार होतं आणि कॅमेरा खांद्यावर पेलायला कोणता रिग घ्यावा, हे काही ठरत नव्हतं. इंटरनेटवरची मतं वाचून डोकं पिकलं होतं.

हा गृहस्थ डीजेपुढं नाचणाऱ्यांच्या घोळक्यात उलट्या पावलांनी शिरायचा, धक्के खायचा, पण त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र जागचं हलायचं नाही. जेवतानासुद्धा त्यानं रिग उतरवला नाही. एका हातानं बुंदी खात होता, दुसऱ्यानं पंगत टिपत होता. मी शेजारी बसलो, माझी अडचण सांगितली आणि त्यानं हाच रिग का घेतला ते विचारलं.

"याच्यात ढेकर दिला तरी चित्र हलत न्हाई," तो म्हणाला आणि देऊन दाखवला. खरंच हललं नाही.

माझं तिथंच ठरलं. त्यानं रिग माझ्या खांद्यावर चढवून दिला. मी जरा चाललो, तर पडद्यावर अख्खा मांडव डुलायला लागला.

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. रिगची पुढची दांडी त्याच्या ऐसपैस पोटावर गच्च टेकायची. माझ्यापुढं ती हवेतच लोंबत होती. इंटरनेटवर हे कुणी लिहिलं नव्हतं.

"रिग चांगला हाय. तुमीच कमी पडताय," तो म्हणाला आणि वाढप्याकडं वळला. "ओ मामा, बुंदी इकडं आणा. लई वाढा. सोमवारी शूटिंग हाय ह्यांचं."