तांदळावरचं नाव

आमच्याकडं कुणाच्या घरी बारसं ठरलं की मला फोन येतो. नावांचे अर्थ मला ठाऊक असतात, अशी माझी ख्याती आहे. हल्लीची पोरं मोबाइलवर ग्रीक, हिब्रू, वाट्टेल ती नावं शोधतात आणि विचारतात, “काकू, चांगलं आहे ना?” मी अर्थ सांगते आणि वर एक विचारते, हे नाव आधी घरात कोणाचं होतं का? लोकांना तो प्रश्न खवचट वाटतो. वाटू दे.

माझं स्वतःचं नाव फारसी. रात्र आणि ओल हे दोन शब्द जोडून झालेलं, अर्थ दव. वणीला आमच्या शेजारी ट्रक दुरुस्त करणारे मुसलमान मेकॅनिक राहत. त्यांच्या बायकोनं माझ्या आईचं बाळंतपण केलं, म्हणून नाव ठेवायचा मान तिला मिळाला. शाळेत कुणी चिडवलं की मी अर्थ तोंडावर फेकायची.

लग्न जमलं महागावकडं. मुलगा बिजवर. माझा एक पाय आखूड, म्हणून बिजवर चालणार होता. हे माझ्यादेखत बोललं गेलं. त्याची पहिली बायको दुसऱ्या बाळंतपणात बाळासकट गेलेली, मागं चार वर्षांची पोरगी.

नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची आमच्यात रीत आहे. त्यानं लिहिलं. ते मेलेलीचं नाव होतं. संस्कृत, अर्थ न मरणारी. माझे वडील काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं. ते तांदळाकडं बघत बसले. सासू म्हणाली, “त्याच्या हातावर हेच नाव गोंदलं हाये. आता हात तोडाव का त्याचा?” बायका हसल्या. मग नवऱ्यानं उखाणा घेतला, एकदाही न अडखळता. कुठं अडखळणार? उखाणाही जुनाच होता.

खरी गोम दुसऱ्या दिवशी कळली. आई नागपूरला दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल, असं पोरीला सांगून ठेवलं होतं. भिंतीवरचा फोटो काढला होता, खिळा तेवढा राहिला होता. सासूनं तिला माझ्यापुढं उभं केलं. “पाह्य व, आली का नाही तुई माय? इचार तिले, नाव काय तिचं.” पोरीनं विचारलं. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी तांदळावरचं नाव सांगितलं. सासूला केवढा आनंद झाला!

पोरगी मूर्ख नव्हती. ती माझ्या मागंमागं फिरायची, मी चालताना माझा पाय बघायची. एके दुपारी मी तुरीची डाळ निवडत होते, तेव्हा तिनं विचारलं, “तू मले लाडानं काय म्हनत व्हती?”

मला ते माहीत नव्हतं. सासूला विचारून येता आलं असतं. तिनं हसत सांगितलंही असतं. पण मला त्या घराची किळस आली. एवढ्याशा जिवाला फसवायला यांनी माझं नाव काढून घेतलं होतं. मी म्हटलं, “मी तुई माय नाही. माहं नाव येगळं हाये.” नाव सांगितलं, अर्थही सांगितला.

“मंग माही माय कवा येते?”

“येत नाही. मेली ते.”

तिला हे सांगणारी त्या घरात मी पहिली. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आजही नाही.

ती रडली नाही. म्हणाली, “मंग तिचं नाव तिले वापस दे.”

मी दिलं असतं. पण संध्याकाळी सासूनं त्याच नावानं हाक मारली, मग नवऱ्यानं मारली, आणि मी ओ दिली. नांदायचं होतं. पुढंही देत राहिले. पोरगी दर वेळी वळून बघायची. तिनं मात्र मला कुठलीच हाक मारली नाही. आता ती यवतमाळला कॉलेजात आहे, सुटीत घरी येते. पाणी हवं असलं की ओट्यावर गिलास आपटते, आणि मी उठते.