घड्याळ चालू ठेवा

वसुधाताईंनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. "तुमचं घड्याळ बरोबर आहे का?" एवढंच विचारलं. डोंगराच्या शर्यतीत वेळ मोजायचं काम तेव्हा माझ्याकडे नुकतंच आलं होतं. गुलमंडीत माझं कापडाचं दुकान आहे. शर्यतीचे टी-शर्ट मी छापून दिले आणि पोट सुटलेल्या माणसाला बसूनच करायचं काम द्यावं म्हणून मंडळींनी मला शेवटच्या रेषेवरच्या मोठ्या घड्याळापाशी बसवलं. साठी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घातलेल्या ताई आपल्या मनगटाकडे आणि माझ्या घड्याळाकडे आळीपाळीने बघत होत्या. दोन्ही जुळल्याची खात्री झाल्यावर "ठीक" म्हणाल्या आणि जाऊन सगळ्या पळणाऱ्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

ताईंची नोकरी सरकारी कचेरीत, खिडकीवर बसण्याची होती. वेळ झाली की खिडकी बंद, मग समोर कोणीही असो. पुढे एकदा त्यांचे एक जुने सहकारी माझ्या दुकानात आले होते. "बाईंना लोकांनी लई शिव्या घातल्या, पण ओळखीच्या माणसासाठी खिडकी उघडली असं कधी झालं नाही," असं म्हणाले. निवृत्तीनंतर यजमान वारले, रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं. गारखेड्याच्या मैदानावर चालता चालता त्या पळायला कधी लागल्या हे कोणालाच कळलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "चालणाऱ्याला लोक थांबवून आपली दुखणी सांगतात. पळणाऱ्याला कोणी थांबवत नाही."

आमची शर्यत सोळा किलोमीटरची. अर्धी बायपासच्या कडेने डांबरी रस्त्यावर आणि उरलेली डोंगरातल्या पायवाटेने. अडीच तासांच्या आत पोचेल त्याला पदक, उशीर झाला तर नुसते पोहे. पहिल्या वर्षी ताई इतक्या मागे पडल्या की त्यांना आणायला गाडी पाठवली. "गाडीतच बसायचं असतं तर घरूनच रिक्षा केली असती," असं सांगून त्यांनी ड्रायव्हरला परत पाठवलं आणि आम्ही मांडव सोडत असताना चालत आल्या. हातात कागदी ग्लासांनी भरलेली पिशवी होती. पळणारे पाणी पिऊन ग्लास वाटेवरच टाकतात, मागून आमची मुलं ते गोळा करतात. ताईंना ते पडलेले ग्लास बघवले नव्हते. वाकून वाकून त्यांनी निम्मा रस्ता साफ केला होता. "असं टाकून पुढं जाववतच नाही हो," म्हणाल्या.

शिवाजी आमच्यातला सगळ्यात वेगवान गडी. बिडकीनकडच्या धनगराच्या घरातला, मेंढरांमागे डोंगर तुडवत वाढलेला, आता कारखान्यात कामाला. ताई त्याला "अरे शिवाजी" म्हणत आणि दर रविवारी त्याच्यासाठी मेथीचे पराठे आणत. त्याचा ताईंवर भारी जीव. त्यापायीच दुसऱ्या वर्षी त्याने घोळ घातला.

त्या वर्षी मी पोह्यांच्या रांगेत होतो. शिवाजी केव्हाच पळून आला होता, म्हणून घड्याळ त्याच्यावर सोपवलं होतं. वेळ संपत आली तरी ताई दिसेनात, तेव्हा या पठ्ठ्याने बटण दाबून घड्याळ थांबवूनच टाकलं. ताई आल्या तेव्हा आकडे अडीच तासांच्या आतच उभे होते. टाळ्या झाल्या, कोणीतरी पदक गळ्यात घातलं. ताईंनी घड्याळ पाहिलं, मग मनगट पाहिलं. टाळ्या वाजतच होत्या आणि त्यांनी पदक काढून टेबलावर ठेवलं.

"कोणी केलं हे?"

शिवाजी पुढे झाला. "म्या केलं, ताई. चारच मिनिटं तर व्हती. आमच्यात मागं राहिलेलं मेंढरू कोणी डोंगरात टाकून येत नाय."

"मी मेंढरू नाही, शिवाजी," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "जन्मभर मी लोकांना एकेका मिनिटासाठी परत पाठवलं. त्यात म्हातारे होते, बाळंतिणी होत्या. ते सगळे काय मूर्ख होते? आणि आता माझ्यासाठी घड्याळ थांबवता? मला सांभाळून आणू नकोस. पळायला शिकव."

शिवाजी मान खाली घालून हळूच म्हणाला, "शिकवतो. पण ग्लास उचलायचे नायत."

"बघू," ताई म्हणाल्या.

पुढचं वर्ष मी जवळून पाहिलं, कारण पोट कमी करायच्या निमित्ताने मलाही त्यांच्यात ओढलं होतं. चढाला आखूड पावलं टाकायची, उताराला गुडघे सैल सोडायचे, पाणी चालता चालता प्यायचं. हे सगळं ताई शिकल्या. ग्लासांचंच काही जमेना. शिवाजी मुद्दाम वाटेत ग्लास टाकून ठेवी आणि ताई "अगं बाई" म्हणत वाकतच. त्यात हिवाळ्याच्या तोंडावर उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी वाटी बदलायचं ठरवलं आणि त्यानंतर डोंगर बंद म्हणून बजावलं. म्हणजे ही शर्यत शेवटची. मुलीने फोनवर रडून पाहिलं. "ऑपरेशनला तारीख दिली आहे ना, मग शर्यत तिच्या आधी आहे," असं ताईंनी तिला सांगितलं.

त्या दिवशी घड्याळापाशी मीच होतो. शिवाजी स्वतःहून लांब, लिंबाखाली जाऊन हात खिशात घालून उभा राहिला. एकेक करून सगळे आले. पदकांचा ढीग संपत आला. घड्याळाकडे बघता बघता, खरं सांगतो, माझंही बोट बटणाकडे जायला लागलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

शेवटच्या वळणावर ताई दिसल्या. उजवा पाय ओढत होत्या, वेणी सुटली होती. तिथेच पाण्याचं टेबल होतं आणि वाटभर ग्लास पडले होते. ताईंची नजर खाली गेली. शिवाजीने झाडाखालीच डोळे मिटून घेतले. ताईंचा एक पाय चक्क ग्लासावर पडला, तो चुरगळल्याचा आवाज मला ऐकू आला आणि त्या तशाच पुढे आल्या. कोणी ओरडत नव्हतं. रेषा ओलांडून त्या थेट माझ्या टेबलापाशी आल्या.

"चालू होतं ना?"

"चालू होतं, ताई. अजून चालूच आहे." मी बोट दाखवलं. अडीच तास व्हायला अर्धं मिनिट बाकी होतं. त्यांनी मनगट पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं आणि खाली मातीतच बसल्या. शिवाजीने पदक आणलं. ते गळ्यात घालून घेताना ताई लहान मुलीसारख्या हुंदके देत होत्या, आणि शिवाजीचीही गत काही वेगळी नव्हती. मी त्या दिवशी मनसोक्त रडलो. दुकानदाराला शोभत नाही, पण रडलो.

त्यांना स्कूटरवरून घरी सोडायला निघालो. गारखेड्याच्या बाजारात त्यांनी थांबायला लावलं, मेथी घ्यायची होती. धुळीने माखलेले बूट, विस्कटलेले केस आणि टी-शर्टवर लोंबणारं पदक. भाजीवाल्या मावशी जुडी बांधता बांधता थांबल्या.

"ताई, पहिल्या आल्या व्हय?"

"शेवटची आले," ताई म्हणाल्या आणि जुडी पिशवीत टाकली. "पण वेळेत आले."